हसण्याची ड्युटी

लहान मूल समोर आलं की मोठ्या माणसांचा आवाज आपोआप दोन पट्ट्या वर चढतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून सगळ्यांना फाडून खाणारे काका लिफ्टमध्ये दीड वर्षाचं पोर दिसताच ‘कोण आलंऽऽ? कोण आलंऽऽ?’ करत वाकतात. तिसऱ्या मजल्यावर पोर उतरतं, दार बंद होतं आणि काकांचा चेहरा पूर्वपदावर येतो. तीन मजल्यांपुरतं हसू कुणालाही जमतं. मला कुतूहल आहे ते वर्षानुवर्षं ठरलेल्या वेळी, दिव्यांच्या झोतात, पगार घेऊन हसणाऱ्यांचं, म्हणजे मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांतल्या ताई-दादा-काकांचं. लहानपणी मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ बघताना ही माणसं घरी गेल्यावर कशी असतील, असा प्रश्न कधी पडला नाही. तो पडला अमेरिकेत, तोही स्वतः आई झाल्यावर.

अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर एका कार्टूनने कधीच देऊन ठेवलंय. ‘द सिम्प्सन्स’मधला क्रस्टी द क्लाउन. मुलांचा लाडका विदूषक, रोज टीव्हीवर खिदळणारा, आणि कॅमेरा बंद झाला की सिगरेट पेटवून वैतागलेल्या आवाजात बोलणारा. जुगाराचा नाद, हृदयाचं दुखणं, आपलं नाव आणि थोबाड मिळेल त्या भिकार मालावर छापून पैसा ओढायचा सोस. वडील रॅबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू. पोरगा विदूषक झाला म्हणून त्यांनी त्याला घराबाहेर काढलेलं. १९९१ च्या एका भागात बापलेकांची भेट होते आणि एवढा बेरकी माणूस सगळ्यांसमोर विरघळतो. ते पात्र लोकांना इतकं पटलं, कारण सगळ्यांच्या मनात आधीपासून तसा संशय होताच. इतकं आनंदी कुणी असूच शकत नाही, काहीतरी पाणी मुरतंय.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. ‘सिम्प्सन्स’चा जनक मॅट ग्रेनिंग पोर्टलंडमध्ये वाढला, आणि तिथल्या स्थानिक टीव्हीवर रस्टी नेल्स नावाचा विदूषक असायचा. क्रस्टी सुचला तो त्याच्यावरून. पण ग्रेनिंगच्याच सांगण्याप्रमाणे तो खरा विदूषक अगदी गोड स्वभावाचा होता, फक्त नाव तेवढं भीतीदायक. म्हणजे मूळचा माणूस भला, आणि त्याच्यावरून बेतलेलं पात्र कडवट. भलेपणावर आपला विश्वास बसत नाही तो असा.

कडवटपणाला आधार अजिबात नव्हता असंही नाही. न्यूयॉर्कच्या एका वाहिनीवर सूपी सेल्स नावाचा विनोदी कलाकार मुलांचा कार्यक्रम करायचा. तोंडावर क्रीमचा ‘पाय’, म्हणजे केकसारखा गोड पदार्थ, आदळून घेणं ही त्याची खासियत. १ जानेवारी १९६५ ला, नववर्षाच्या सुट्टीच्या दिवशीही त्याला कामावर यावं लागलं आणि गडी वैतागला. कार्यक्रमाच्या शेवटी थोडा वेळ उरला होता. त्याने छोट्या प्रेक्षकांना सांगितलं, आईबाबा अजून झोपले असतील, हळूच जा, त्यांच्या पाकिटातले ते हिरवे हिरवे कागद काढा आणि मला पाठवून द्या. त्याच्या लेखी ती थट्टा होती. पालकांच्या तक्रारी आल्या आणि वाहिनीने त्याला काही काळ घरी बसवलं. मला तो माणूस त्यामुळे जास्तच आवडतो. सुट्टीच्या दिवशी ड्युटी लागलेला कोणता कर्मचारी मनातल्या मनात असं काहीतरी करत नाही?

पण क्रस्टी आणि सूपी हे सोपे नमुने. त्यांचा कंटाळा बाहेर पडतो, त्याचा विनोद होतो, प्रकरण मिटतं. ज्याचा बाहेर पडत नाही त्याचं काय?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही न्यू जर्सीत होतो आणि माझा मुलगा ‘ब्लूज क्लूज’च्या वयाचा होता. निकेलोडियनवर १९९६ च्या सप्टेंबरात सुरू झालेला हा कार्यक्रम. हिरव्या पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला स्टीव्ह नावाचा तरुण आणि ब्लू नावाची कार्टून कुत्री. ब्लू घरात तीन ठिकाणी पंजाचे ठसे उमटवणार, ते शोधायचे, वहीत चित्रं काढायची आणि लाल खुर्चीत बसून कोडं सोडवायचं. कथानक एवढंच. पण स्टीव्ह अधूनमधून सरळ कॅमेऱ्यात बघून प्रश्न विचारायचा आणि मग थांबायचा. खरंच थांबायचा. टीव्हीवर एक माणूस काहीही न बोलता, डोळे मोठे करून आपल्याकडे बघतोय, हे दृश्य मी तोवर पाहिलं नव्हतं. लहान मुलांना विचार करून उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून तो थांबा मुद्दाम ठेवलेला असे. दुसरी गोष्ट म्हणजे एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस दाखवत. मुलांना पुनरावृत्ती आवडते, आणि रोज त्यांना थोडं थोडं अधिक उमगत जातं, असा त्यामागचा विचार. सोमवारी गोंधळलेला माझा मुलगा शुक्रवारी सोफ्यावर उभा राहून उत्तरं ओरडत असे.

त्या सुमारास माझी आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. तिला इंग्रजी यथातथाच, पण हा कार्यक्रम समजायला इंग्रजीची गरज पडत नाही. ठसा स्टीव्हच्या अगदी पाठीमागे असायचा आणि हा बावळटासारखा भलतीकडेच शोधायचा. बुधवारपर्यंत तिने दम धरला. मग शेंगा सोलता सोलता तिचंही सुरू झालं. ‘अरे ठोंब्या, मागे बघ! मागे! तो काय खुर्चीवर!’ नातू इंग्रजीत ओरडतोय, आजी मराठीत. शुक्रवारीसुद्धा तो पुन्हा तसाच चुकला तेव्हा ती मला म्हणाली, ‘आठवडाभर सांगतोय आपण, तरी ह्याला दिसत नाही. ह्याच्या घरी कुणी आहे की नाही लक्ष द्यायला?’

त्याच्या त्या घरात खरंच काही नव्हतं. बराचसा कार्यक्रम निळ्या पडद्यापुढे चित्रित व्हायचा. कुत्री, मिठाचा आणि मिरपुडीचा असे दोन बोलके डबे, बोलणारी टपालपेटी, भिंती, खिडक्या, सगळं नंतर संगणकावर भरलेलं. स्टीव्ह बर्न्स नावाचा पंचविशीच्या आसपासचा नट एकटा उभा राहून हवेशी बोलत होता. हवेला प्रश्न विचारायचा आणि हवेने उत्तर दिलंय असं समजून आनंदाने उडी मारायची. आम्ही न्यू जर्सीत घसा फोडत होतो ते त्याला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

२००२ मध्ये त्याने कार्यक्रम सोडला. मुलांना सांगितलं की स्टीव्ह कॉलेजला गेला, आणि त्याच्या जागी ‘जो’ नावाचा त्याचा भाऊ आला. मोठ्यांना बर्न्सने दिलेलं कारण विनोदी होतं. डोक्यावरचे केस चाललेत, आणि मुलांच्या कार्यक्रमात टकला व्हायची माझी तयारी नाही. दरम्यान तो मेल्याच्या अफवा पसरल्या होत्या. कुणी म्हणे अमली पदार्थांनी गेला, कुणी म्हणे अपघातात. मी जिवंत आहे हे त्याला लोकांना पटवून द्यावं लागलं. पुष्कळ वर्षांनी, २०२२ च्या एका मुलाखतीत, त्याने खरी गोष्ट सांगितली. कार्यक्रम करत असतानाचा सगळा काळ तो तीव्र नैराश्याशी झगडत होता. ते नैराश्य आहे हेही तेव्हा त्याला कळलं नव्हतं. सदासर्वकाळ आनंदाने आणि कुतूहलाने भरलेलं असणं हेच त्याचं काम होतं, आणि ते त्याला अशक्य होत गेलं.

ते वाचल्यावर मी जुने भाग पुन्हा बघितले. डोळ्यांत काही दिसतं का, आवाज कुठे पडतो का. काही सापडलं नाही. चेहरा अगदी टवटवीत. आपण इथे लगेच ‘जोकर आतून रडत असतो’ हे वाक्य काढतो. ते मला कधी मानवलं नाही. लंडनचा जोसेफ ग्रिमाल्डी, जन्म १७७८ चा, इंग्रजी विदूषकांचा मूळपुरुष. त्याची एक गोष्ट सांगतात. खिन्न माणूस डॉक्टरकडे जातो, डॉक्टर म्हणतो ग्रिमाल्डीचा खेळ बघा, बरं वाटेल, आणि रोगी म्हणतो, मीच तो ग्रिमाल्डी. ही गोष्ट आता कुणाच्याही नावावर फिरते, सकाळच्या सुप्रभात संदेशांतही येते. गोष्ट सुबक आहे, आणि तोच तिचा दोष. तिच्यात दुःखाला रंगमंचावरचा रंग फासलेला आहे. ग्रिमाल्डीचं खरं दुखणं त्याहून साधं होतं. रोजच्या उड्या आणि आपटण्याने सांधे निकामी झाले आणि पन्नाशीच्या आतच त्याला रंगमंच सोडावा लागला. राब राब राबून मोडलेला कामगार म्हणून त्याच्याकडे बघितलं, तर रडका विदूषक आठवायची गरज उरत नाही.

आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींवर पुस्तक लिहिलं. हसू हाही श्रम आहे, तोही पगारासाठी विकला जातो, असा त्यांचा मुद्दा. हसण्याचे त्यांनी दोन प्रकार केले. एक नुसतं चेहऱ्यावरचं, आणि दुसरं ती भावना स्वतःत खरोखर जागवून आणलेलं. क्रस्टीचं पहिल्या प्रकारचं. स्टीव्हचं दुसऱ्या, असं मला वाटतं. चार वर्षांचं मूल नाकाला नाक लावून टीव्ही बघतं, त्याच्यापुढे वरवरचं चालत नाही. म्हणून तर जुन्या भागांत मला फट सापडली नाही. तो आनंद खोटा नव्हता, तो रोज नव्याने मळावा लागत होता, आणि पीठ संपत आलेलं होतं.

याच क्षेत्रातला सगळ्यांत शांत माणूस फ्रेड रॉजर्स. पिट्सबर्गहून १९६८ ते २००१ एवढा काळ त्याने मुलांसाठी कार्यक्रम केला. घरात यायचं, कोट काढून स्वेटर चढवायचा, बूट बदलायचे, माशांना खायला घालायचं. उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. असल्या माणसाला तरी हे जमत असेल असं वाटतं. पण १९७९ मध्ये, काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा लिहायला बसला तेव्हा त्याने स्वतःसाठीच टाइप केलेली एक चिठ्ठी आहे. मला पुन्हा संहिता लिहिता येईल असं मानून मी स्वतःला फसवतोय का, इतक्या वर्षांनंतरही हे तितकंच भयंकर आहे, अशा आशयाची. ती चिठ्ठी वाचून मला हायसं वाटलं. संताला घाम फुटताना पाहिला की जरा जवळचा वाटतो. त्याने मात्र मुलांना राग, मृत्यू, घटस्फोट यांबद्दल त्याच सावकाश सुरात सांगितलं. सदैव आनंदी राहायची अट त्याने आपल्या नोकरीत मुळी घातलीच नव्हती. स्टीव्हची नोकरी दुसऱ्या जातीची होती.

तरीही मुलांना स्टीव्हकडून नेमकं काय मिळालं, याचा विचार करते तेव्हा त्याचा उत्साह मला दुय्यम वाटतो. उत्साह काय, त्या वेळी प्रत्येक वाहिनीवर ढीगभर होता. माझ्या मुलाला आठवतो तो त्याचा थांबा. एक मोठा माणूस विचारतो आणि गप्प बसतो, उत्तर येईपर्यंत. घरी आम्हीसुद्धा इतकं थांबत नव्हतो. ‘काय हवंय? बोल लवकर. बरं, दूध देते.’ तिकडे तो हवेपुढे थांबत होता आणि इकडे लाखो घरांत उत्तरं दिली जात होती, ज्यांतलं एकही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. या नोकरीचं खरं दुःख हसावं लागण्यात कमी आणि या एकतर्फी थांबण्यात जास्त असावं.

२०२१ मध्ये कार्यक्रमाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तो तोच पट्ट्यांचा शर्ट घालून एका छोट्या चित्रफितीत आला. मोठ्या झालेल्या प्रेक्षकांना म्हणाला, तेव्हा आपण ठसे शोधत होतो, आता तुमच्यामागे नोकऱ्या, संसार, शिक्षणाची कर्जं आहेत, आणि मी तुम्हाला कधी विसरलो नाही. ती फीत लाखो लोकांनी बघितली. नंतर त्याने टिकटॉकवर आणखी धाडसी काम केलं. कसं चाललंय, एवढं विचारलं आणि जवळपास मिनिटभर कॅमेऱ्याकडे बघत, मधूनच मान डोलावत गप्प राहिला. तोच जुना थांबा, फक्त आता चष्मा आणि टक्कल. या वेळी खाली उत्तरं आली. नोकरी गेल्याची, आईवडील गेल्याची, लांबलचक. हवेने पंचवीस वर्षांनी तोंड उघडलं.

परवा पुण्यात आमच्या क्लबहाऊसमध्ये एका वाढदिवसाला गेले होते. गेम्स घ्यायला माइकवाला दादा बोलावलेला. तो येण्याआधी जिन्यापाशी भिंतीला टेकून चहा पीत होता, चेहरा पार उतरलेला. पाच मिनिटांत आत येऊन ‘हॅलोऽऽ बच्चे कंपनी! आवाज कुठाय?’ मुलांनी छत डोक्यावर घेतलं. संगीतखुर्ची मांडता मांडता एक सहा-सात वर्षांची पोरगी त्याच्या अगदी जवळ गेली आणि विचारलं, ‘दादा, तू दमलायस का?’

माइक चालूच होता. तो क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, ‘हो गं. आजची तिसरी पार्टी आहे.’

‘मग तू पण खेळ ना. बसायला मिळेल.’

मुलांनी गिल्ला केला, दादा खेळणार, दादा खेळणार. गाणं लावायला वाढदिवसवाल्या मुलाच्या बाबांना उभं केलं. एक खुर्ची वाढवली. पहिल्याच फेरीत दादा बाद झाला, आणि त्याला बाद करणारी तीच पोरगी होती.