चावलेला भात

बौद्ध धर्माच्या आशियातील प्रसाराचे श्रेय आपण सहसा सम्राट अशोकाला देतो आणि ते रास्तही आहे. परंतु चीनचा विचार करताना मला नेहमी आठवतो तो बौद्ध भिक्षू आणि अनुवादक कुमारजीव. इ.स. ३४४च्या सुमारास मध्य आशियातील कूचा या नगरात त्याचा जन्म झाला. वडील भारतीय, आई तेथील राजकन्या, आणि काश्मीरमध्ये लहानपणीच घेतलेले शिक्षण, यांमुळे भाषांची सरमिसळ त्याच्या रक्तातच होती. ३८४ साली चिनी सेनापतीने त्याला पकडून नेले, आणि सुमारे सतरा वर्षे नजरकैदेत काढल्यावर, ४०१ मध्ये तो छांग-आन या चिनी राजधानीत पोहोचला. (चिनी भाषा त्याला याच सक्तीच्या मुक्कामात अवगत झाली असावी.)

त्याआधीचे अनुवादक बौद्ध संकल्पनांसाठी चीनमधल्याच ताओ पंथाचे तयार शब्द वापरत. ‘निर्वाण’ या शब्दासाठी ‘वू-वेई’, म्हणजे ‘अकर्म’, असा पर्याय योजला जाई. कुमारजीव मात्र भर सभेत शेकडो भिक्षूंसमोर मूळ पाठ उलगडून सांगे, चर्चा होई, आणि मगच चिनी वाक्य लिहिले जाई. ४०६ मध्ये सिद्ध झालेला त्याचा ‘सद्धर्मपुंडरीक सूत्र’ या बौद्ध ग्रंथाचा अनुवाद चीन, कोरिया आणि जपानमध्ये आजही पठणात आहे. तरीही तो असमाधानीच होता. संस्कृत काव्याचे भाषांतर म्हणजे दुसऱ्याला चावलेला भात भरवणे, त्यात चव तर राहत नाहीच, उलट ओकारी येते, असे तो म्हणे.