तुम्ही विचारलंत म्हणून: अख्खा शोल्डर का नाही ठेवत?

अंगणातल्या स्मोकरचं, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवायच्या भट्टीचं, झाकण उघडलं की पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "अगं, तुकडे का केलेस? इथले लोक तर अख्खा ठेवतात." इथे नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीला येऊन आठ दिवस झालेलेही विचारतात. तेव्हा एकदाच सांगते.

हो, मी डुकराच्या खांद्याचे, म्हणजे शोल्डरचे, तीन तुकडे करते. हाड आधी काढून टाकते. प्रत्येक तुकडा साधारण अडीच-तीन पाउंडांचा. हिकरीचं लाकूड, २५० फॅरनहाइट, सहा-सात तास. आठ-नऊ पाउंडांचा एक गोळा त्याच आचेवर बारा-चौदा तास खातो, कारण उष्णतेला आतपर्यंत जायचं असतं. वेळ वजनावर कमी आणि जाडीवर जास्त ठरतो. शिवाय बाहेरची बाजू वाढते. वरचा तो काळा, मसालेदार थर आमच्या घरी दुधाच्या खरवडीसारखा भांडून खाल्ला जातो. याच राज्यातल्या लेक्सिंग्टन गावच्या खानावळींत लोक 'आउटसाइड ब्राउन' म्हणून तेवढाच भाग मुद्दाम मागतात. मग मी तो जास्त केला तर बिघडलं कुठे?

आणि 'इथले लोक' म्हणजे नक्की कोण? नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडचे अख्खं डुक्कर भाजतात आणि व्हिनेगर-मिरचीनं कालवतात. त्यांच्या लेखी लेक्सिंग्टनवाल्यांचा शोल्डर हाच मुळी तुकडा.

असं सगळं मी तावातावानं सांगते. पण खरं कारण यातलं एकही नाही.

मुलीच्या हायस्कूलच्या पदवीदानाची पार्टी होती. जून महिना. शेजारच्या आजोबांनी त्यांचा जुना स्मोकर मला देऊन टाकला होता आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. नऊ पाउंडांचा शोल्डर आणला. पाउंडाला दीड तास, म्हणजे साडेतेरा तास. पहाटे तीनला चढवला. पाच वाजता लोक येणार होते.

अकरा वाजता आतलं तापमान १६०, म्हणजे ७१ सेल्सिअस. मी खूश. बारालाही १६०. एकला १५८. उतरलं! थर्मामीटर बिघडला म्हणून दुसरा खुपसला, तोही तेच सांगायला लागला. आज मला माहीत आहे की मांसाला घाम येतो, तो वाफ होऊन उडताना गारवा देतो, माठातल्या पाण्यासारखं. तेव्हा माहीत नव्हतं. मी कोळसा वाढवला, दर दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहिलं, आणि दर वेळी होती ती आच घालवली. नवरा येऊन म्हणाला, "पिझ्झा मागवू का?" त्याच्यावर ओरडले.

साडेसहाला १७८ वर उतरवला. दोनशेच्या आसपास हाड अलगद हातात येतं, माझं हललंसुद्धा नाही. सुरीनं कापून वाढला. रबर. मैत्रिणीनं आणलेल्या पावभाजीचा टोप चाटूनपुसून रिकामा झाला. आजोबांनी मात्र वाढलेलं सगळं चावून चावून संपवलं, हे मला अजून सहन होत नाही. मुलगी म्हणाली, "आई, चालतंय गं," आणि साडेसातला मैत्रिणींबरोबर गेली. ऑगस्टमध्ये सिएटलला गेली.

त्या दिवसाच्या एकाही फोटोत मी नाही. एकात मागे धूर दिसतो.

आजची मी तेव्हाच्या मला सुनावते: बये, दोष मांसाचा नव्हता. रात्री नऊला चढवायचा होतास, दीडशे-एकशे साठ तापमानाला फॉइलमध्ये गुंडाळायचा होतास, वेळेआधी झाला असता तर टॉवेलात बांधून कूलरमध्ये, म्हणजे सहलीच्या बर्फाच्या पेटीत, ठेवायचा होतास, दोन-तीन तास गरम राहिला असता. सगळं बरोबर आहे. मी तुकडे करते ते मांसासाठी नाही, घड्याळाला घाबरून. आणि आजोबांच्या अख्ख्या शोल्डरच्या मधोमध जो ओलसर, पाया सुपासारखा बोटांना चिकटणारा गाभा असतो, तो माझ्या तुकड्यांत तितकासा येत नाही. कडा कोरड्या पडतात. मग मी सॉस जास्त घालते आणि 'आउटसाइड ब्राउन'चं व्याख्यान देते.

तरी सकाळी नऊला चढवून चारला मोकळी होते, केस धुते, पाहुण्यांत बसते. याला तुम्ही पळवाट म्हणा.

परवा मुलीचा फोन आला. थँक्सगिव्हिंगला येते आहे. म्हणाली, या वेळी अख्खा ठेवूया का? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रात्री नऊला चढवायचा की दहाला, एवढंच विचारलं.

"मग तू झोपणार कधी?" ती म्हणाली.