दोन कॉर्ड आणि बेकार झालेला माणूस

व्हिएतनाम युद्धाच्या काळात वाढलेल्या साध्या अमेरिकनांचं दुखणं कुठल्या रॉक गायकाने नेमकं गायलं? माझ्या मते ब्रूस स्प्रिंगस्टीनने. जॉन फॉगर्टीने १९६९ मध्येच ‘फॉर्च्युनेट सन’मधून बड्यांची पोरं युद्धातून कशी सुटतात ते सुनावलं होतं. पण काम सुटल्यावर घरात जी शांतता पसरते, ती स्प्रिंगस्टीनकडेच ऐकू येते.

‘द रिव्हर’ (१९८०) घ्या. बहीण-मेव्हण्याच्या ओढाताणीवरून त्याने ते लिहिलं. त्यातल्या पोराला एकोणिसाव्या वाढदिवशी युनियनचं कार्ड आणि लग्नाचा कोट मिळतो. मग बांधकामावरचं काम आटतं आणि नवरा जुने दिवस आठवत नसल्यासारखा आणि बायको फिकीर नसल्यासारखी वागू लागते. २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर गोव्यातल्या डिचोली-साखळीत दारात उभे राहिलेले खनिजाचे ट्रक आणि डोक्यावरचे बँकेचे हप्ते ज्यांनी पाहिलेत, त्यांना या गाण्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

वाजवायचं तर ई मायनर, जी, डी, सी एवढ्या कॉर्डवर बरंचसं भागतं. माउथ ऑर्गन मात्र जी पट्टीचा घ्या. ईच्या माउथ ऑर्गनवर जी शार्प येतो आणि तो ई मायनरमधल्या जीशी भांडतो.

सगळ्यात जास्त वाट लावतात ती ‘बॉर्न इन द यूएसए’ची (१९८४). कडवं आणि धृपद दोन्हींना तेच दोन कॉर्ड, बी आणि ई. त्यामुळे ड्रम आणि सिंथेसायझर तापले की फक्त धृपद उरतं. हा युद्धावरून परतलेल्या, रिफायनरीत काम नाकारलेल्या माणसाचा आक्रोश आहे. पण ऐकणाऱ्याला वाटतं देशाचा जयघोष चाललाय. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीही सप्टेंबर १९८४ मध्ये न्यू जर्सीतल्या प्रचारसभेत स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं, तेही त्याच्या गाण्यांतल्या आशेचा दाखला म्हणून!

कळंगुट-बागाच्या शॅकमध्ये हे गाणार असाल तर कडव्यांना ड्रम थांबवा, एकच गिटार ठेवा, आणि धृपदाला आवाज चढवू नका. मूळ गाणं तसंच होतं. जानेवारी १९८२ मध्ये त्याने ते घरीच टीॲकच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्याने गायलं. त्याच कॅसेटमधली बाकीची बरीच गाणी ‘नेब्रास्का’ या अल्बममध्ये आली. बँडसह ती पुन्हा रेकॉर्ड करून पाहिली, पण जीव येईना. शेवटी कॅसेटवरूनच रेकॉर्ड निघाली. हे गाणं त्या रूपात १९९८ च्या ‘ट्रॅक्स’ संचात मिळतं. सराव त्यावर करा. त्यात प्रत्येक शब्द ऐकू येतो.