सगळंच इनहिबिन नव्हतं

डुकरांच्या अंडाशयांतल्या फॉलिकल्समधून, म्हणजे अंडं वाढतं त्या पिशव्यांमधून, उपसलेल्या फॉलिक्युलर द्रवाचा तो पूल, म्हणजे एकत्र केलेला साठा, दिसायला निर्दोष होता. पिवळसर, रक्ताचा अंशही नाही. पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीच्या पेशींवर घातला की त्यांचं एफएसएच हे संप्रेरक उतरायचं, एलएच हे दुसरं जागचं हलायचं नाही. नेमकं एफएसएच दाबणारं अंडाशयाचं संप्रेरक म्हणजे इनहिबिन, म्हणून ‘इनहिबिन भरपूर’ असं लिहून मोकळं व्हायला सगळे तयार होते. अडचण एकच होती: द्रव टप्प्याटप्प्याने पातळ करून काढलेली परिणामाची रेषा, म्हणजे डायल्यूशनची रेषा, स्टँडर्डच्या, म्हणजे माहीत असलेल्या इनहिबिनच्या, रेषेला समांतर जात नव्हती.

ही खूण पाहूनही लोक पुढे कसे जातात, मला कळत नाही. काम करणारा पदार्थ एकटा नाही, किंवा आपण समजतो तो नाही, असंच ती रेषा सांगत असते.

पहिला संशय इस्ट्राडायोल या अंडाशयातल्याच स्टेरॉइड संप्रेरकावर, कारण तेही एफएसएच दाबतं. म्हणून ते शोषून घ्यायला दर मिलिलीटरला १० मिलिग्रॅम कोळसा, सोबत डेक्स्ट्रान, आणि थंडीत ढवळणं. कोळशाची बारीक पूड एकदा सेंट्रिफ्यूज करून जात नाही. ती राहिली तर पेशींवर काळा थर बसतो, पेशी मरतात आणि तेही दमनात मोजलं जातं. दोनदा फिरवून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं. इस्ट्राडायोल गेलं, रेषा तशीच राहिली.

मग इनहिबिनच्या दोन साखळ्यांपैकी अल्फा साखळीविरुद्धची अँटिबॉडी बसवलेल्या मण्यांवरून द्रव नेला. एलायझा या अँटिबॉडीने मोजण्याच्या चाचणीत अल्फा जवळजवळ शून्य, तरी एफएसएच उतरलंच!

आता बोट जातं फॉलिस्टॅटिन या प्रथिनाकडे. तेही १९८७ मध्ये याच द्रवातून, एफएसएच दाबतं म्हणूनच हाती लागलं. वाट मात्र वेगळी. पिट्युटरीच्या पेशी स्वतःच अॅक्टिव्हिन हे प्रथिन बनवतात आणि त्याच्या जोरावर एफएसएच तयार होतं. इनहिबिन रिसेप्टरवर अॅक्टिव्हिनची जागा अडवतं. फॉलिस्टॅटिन अॅक्टिव्हिनलाच धरून ठेवतं. परिणाम दोन्हीकडे तोच, त्यामुळे नुसत्या बायोअॅसेवरून, म्हणजे पेशींवरच्या या चाचणीवरून, इनहिबिनचा आकडा देणं चूकच. नुसत्या अल्फाच्या एलायझावरूनही तो देता येत नाही, कारण त्यात सुट्या, निष्क्रिय अल्फा साखळ्याही मोजल्या जातात.

अॅक्टिव्हिनचा आकडा तर आणखी फसवा. फॉलिस्टॅटिनला चिकटलेलं अॅक्टिव्हिन अँटिबॉडीला दिसत नाही. नमुन्यात एसडीएस हे डिटर्जंट घालून, तापवून ती गाठ आधी सोडवावी लागते. ही पायरी वगळून आलेलं ‘अॅक्टिव्हिन नाही’ मी ग्राह्य धरत नाही.

या पुलात कुणाचा वाटा किती, हे अजून सुटलेलं नाही. त्यात लहानमोठी सगळी फॉलिकल्स एकत्र उपसली होती, आणि इनहिबिनचा ए हा प्रकार तर मोठ्या फॉलिकल्समध्ये जास्त. पुढचा पूल ३ मिलिमीटरखालची आणि ६ मिलिमीटरवरची फॉलिकल्स वेगवेगळी उपसून करणार आहे.