यावरातचं जुन्या थाटाचं हॉटेल, आई आणि न फिरणारा फोन

नोव्हेंबरच्या शेवटी आईला घेऊन बँकॉकला जाऊन आले. चार रात्रींपैकी दोन मुद्दाम चायनाटाऊनमधे काढल्या, यावरात रोडवरच्या एका छोट्या, जुन्या थाटाच्या हॉटेलात. नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत, आणि तसंही त्या भागात अशी हॉटेलं आता बरीच आहेत, सगळ्यांचा थाट साधारण तोच, जुनं शांघाय, लाल कंदील, काळंभोर लाकूड, चार खांबांचा पलंग आणि त्याला पडदे. फोटो बघून मी घरी सोफ्यावरच गार झाले होते. तुम्ही जाणार असाल तर बुकिंगआधी हॉटेलला एक मेल टाका आणि विचारा, रूमची खिडकी नक्की कुठे उघडते. का ते पुढे सांगते.

पोचणं सोपं आहे. सुवर्णभूमी एअरपोर्टवरून ट्रेनने मक्कासान, तिथून पुलावरून चालत पेत्चाबुरी मेट्रो, आणि निळ्या लाईनने थेट वाट मांगकोन स्टेशन (वाट म्हणजे थाईत बुद्धमंदिर). हे स्टेशन २०१९ ला सुरू झालं, त्याआधी लोक हुआलाम्फोंगला उतरून तंगडतोड करायचे. स्टेशन आतून लाल-सोनेरी, ड्रॅगन वगैरे, आई तिथेच फोटो काढत थांबली. फक्त एक करा, दुपारी चारच्या आत हॉटेलवर पोचा. संध्याकाळी फुटपाथ खाण्याच्या गाड्यांनी आणि टेबलांनी असा भरतो की बॅग ओढत न्यायची म्हणजे लोकांच्या नूडल्समधूनच न्यावी लागते. टॅक्सी केलीत तर ती पण त्या वेळी यावरातवर मुंगीच्या गतीने सरकते. आणि हो, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरा, सरकारी साईटवर ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साईटच्या नादी लागू नका.

आता हॉटेल. आत शिरल्या शिरल्या मधे चौक, वाड्यासारखा, त्यात पाणी आणि मासे, वर तीन मजले आणि सगळीकडे कंदील. खरंच सुंदर. लिफ्टमधे पाटी, ड्युरियन आत आणायला मनाई. चेकइनला १००० बाथ डिपॉझिट रोख मागितलं, म्हणून थोडे सुटे बाथ जवळ असूद्या, एअरपोर्टवर अगदी गरजेपुरते बदला, शहरात रेट चांगला मिळतो.

रूममधे पलंगाशेजारी काळा डायलचा फोन होता. आईने सांगलीला टेलिफोन एक्सचेंजमधे वीस वर्षं काढलीत, तिने बॅग पण खाली ठेवली नाही, सरळ जाऊन शून्याच्या भोकात बोट घातलं आणि ओढलं. काही नाही. परत ओढलं. "अगं हा फिरतच नाही." बघितलं तर चकती नुसती दाखवायची, प्रत्येक भोकात एक बटण, दाबायचं. तिने रिसीव्हर उचलून डायलटोन ऐकला, ठेवला, आणि म्हणाली, "सोंग आहे." पुढचे दोन दिवस हॉटेलातल्या प्रत्येक वस्तूला ती हाच शब्द वापरत होती आणि निम्म्या वेळा तिचंच बरोबर होतं.

म्हणजे बघा, पलंग इतका उंच की तिला चढायला पाट लागला (मागितल्यावर लगेच दिला, हे मान्य केलं पाहिजे). बाथरूममधे पितळी पायांचा टब, दिसायला झकास, पण त्याची कड गुडघ्याच्या वर आणि आत घसरडं, धरायला दांडा नाही. साठीच्या पुढचं कोणी बरोबर असेल तर साधा शॉवर असलेली रूमच मागा. आणि दिवे! पिवळे, मिणमिणते, फोटोत छान येतात, पण बीपीची गोळी कुठली आणि थायरॉइडची कुठली हे मला मोबाईलच्या टॉर्चमधे वाचावं लागलं.

आणि खिडकी. आम्हाला रस्त्याकडची रूम मिळाली होती, लाकडी झडपा, उघडल्या की खाली अख्खा यावरात, लाल-हिरव्या चिनी पाट्या एकावर एक. याचेच जास्त पैसे दिले होते. अकरापर्यंत खालच्या बारमधे जॅझ. ठीक आहे, मजा वाटली. मग गाड्या आवरायला सुरुवात, कढया घासणं, टेबलं दुमडणं, स्टुलं एकात एक आपटणं, हे दोनपर्यंत. जरा डोळा लागतोय तोच चारला बर्फाची गाडी आली, लाद्या फुटपाथवर धाडकन. झडपा लाकडी, काच एकेरी, आवाज अडणार कशाने. सकाळी रिसेप्शनला सांगितलं तर मुलीने फार अजीजीने कानात घालायचे बोळे दिले, म्हणजे त्यांना हे रोजचं माहीत आहे. मी चिडले, कारण बुकिंगच्या पानावर याबद्दल अवाक्षर नव्हतं.

दुसऱ्या रात्री आतल्या चौकाकडची रूम घेतली, उलट स्वस्त. बाहेरचा उजेड शून्य, खिडकी उघडली की समोरच्यांची खिडकी. पण शांत. आई साडेआठपर्यंत झोपली, अंधारात तिला सकाळ झालेलीच कळली नाही. माझं मत विचाराल तर रस्ता बघायला तुम्ही तसेही खाली उतरणारच आहात, झोपायला चौकाकडचीच घ्या.

खाली उतरण्याबद्दल मात्र तक्रार नाही. यावरात रोड जेमतेम दीड किलोमीटरचा, राजा चुलालोंगकोर्नच्या काळातला, वळणं घेत जातो म्हणून लोक त्याला ड्रॅगन म्हणतात. आम्ही शाकाहारी, त्यामुळे धाकधूक होती. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दिसलं की निर्धास्त जा, त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही, आपल्या चातुर्मासासारखं. बाकीच्या ठिकाणी "माय साय नाम प्ला" म्हणा, म्हणजे फिश सॉस घालू नका, कारण भाज्यांत सुद्धा तो असतो. आईला सगळ्यात आवडलं ते बुआ लोय, काळ्या तिळाचं सारण भरलेले तांदळाचे मऊ गोळे, आल्याच्या गरम पाण्यात. पहिला घोट घेऊन म्हणाली, "हा तर आपला काढा, मोदक बुडवून." भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस, निखाऱ्यावरचे कस्टर्ड भरलेले पाव, सगळं खाल्लं. सोमवारी बऱ्याच गाड्या बंद असतात, ती रात्र टाळा.

मग सोनं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला लालभडक सराफी दुकानं, आरसे, गर्दी आपल्याकडच्या पाडव्यासारखी. इथे एक घोळ होतो तो आधीच सांगते, बाथ हे चलन पण आहे आणि सोन्याचं वजन पण. दागिन्यातलं एक बाथ सोनं म्हणजे १५.१६ ग्रॅम, आणि थाई सोनं ९६.५ टक्के, म्हणजे आपल्या २२ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध आणि म्हणून जरा मऊ. दुकानाच्या दारावरचा भाव एका बाथ वजनाचा असतो, आई तो आकडा ग्रॅमचा समजून जवळजवळ खाली बसली होती. घेतलं काही नाही.

वाट त्रायमितचा सोन्याचा बुद्ध मात्र चुकवू नका, चालत जाता येतं. तीन मीटर उंच, साडेपाच टन. कित्येक वर्षं गिलाव्याखाली झाकलेला होता, १९५५ मधे हलवताना गिलावा फुटला तेव्हा कुठे आतलं सोनं कळलं. आई हात जोडून म्हणाली, "हे सोंग उलटं." खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. संपेंग या अरुंद बाजारगल्लीत सकाळी लवकर जा, नंतर अंगावर हातगाड्या येतात. तिथून तसंच पुढे पाहुरात, म्हणजे भारतीय कापडबाजार, सोनेरी घुमटाचं गुरुद्वारा, सकाळी लंगरमधे पोळी-वरण मिळालं आणि आईचा चेहरा फुलला. वाट फोला जायचं असेल तर टुकटुकवाल्याशी हुज्जत घालू नका, वाट मांगकोनहून मेट्रोने सनाम चाय दोन स्टेशनं, किंवा राचावोंग धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट.

चेकआऊटला डिपॉझिट बिनबोभाट परत मिळालं. टॅक्सीला वीस मिनिटं होती. जिन्याखाली शोभेला ठेवलेला एक जुना फोन आईला दिसला, वायर तुटलेली, धूळ बसलेली. तिने सवयीने शून्यात बोट घातलं, ओढलं आणि सोडलं, आणि चकती किर्रर्र करत सावकाश परत आली. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता तरी ती शून्यच फिरवत होती.