नालबंदी शिकायची असेल तर

घोड्यांना नाल ठोकण्याचे काम मी करतो आणि हे काम शिकू पाहणारी तरुण मुले मला पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा लोखंडाविषयीच असतो: नाल घडवायची कशी, भट्टी कशी पेटवायची, खिळे कोणते घ्यायचे. माझे ठाम मत असे आहे की शिकणाऱ्याने सुरुवातीचे कित्येक महिने नालेला हात न लावता केवळ खूर ओळखायला, उचलून धरायला आणि तासायला शिकावे.

खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी निर्जीव असते आणि ती महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. म्हणूनच नाल झिजलेली नसली तरी दर ४ ते ६ आठवड्यांनी ती काढून, खूर तासून पुन्हा बसवावी लागते. खूर पुढे लांबत गेला आणि टाच दबली, तर पायाचा कोन बिघडून सारा ताण मागच्या कंडरांवर येतो. तासणीच तिरकी झाली, तर वर कितीही सुबक नाल बसवली तरी घोडा नीट उभा राहणार नाही. त्यात आपल्याकडचा पावसाळा खूर मऊ करतो, मग खिळे सैल होतात आणि तळव्याच्या खाचांत कुजल्याचा वास येऊ लागतो. उन्हाळ्यात तोच खूर सुकून चिरतो. त्यामुळे एकाच घोड्याचा पाय वर्षभरातल्या सगळ्या ऋतूंत पाहिल्याशिवाय त्याची खरी ओळख होत नाही.

खिळ्याची पाळी त्यानंतर येते. भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेषा दिसते आणि खिळा तिच्या बाहेरच्या अंगानेच गेला पाहिजे. त्याचे टोक एका बाजूने उतरते असते. ती बाजू आत ठेवली की खिळा चढताना बाहेर वळतो आणि नालेपासून सुमारे पाऊण इंचावर भिंतीतून बाहेर पडतो. टणक भागातून जाताना हातोडीचा आवाज भरीव येतो, आणि खिळा आतल्या जिवंत भागाकडे वळला की तो आवाज बदलतो. हा फरक उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच कानाला कळू लागतो. खिळा जिवंत भागात शिरलाच, तर तो तात्काळ काढून पशुवैद्यांना बोलावले पाहिजे, कारण घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने नालबंदांची नोंदणी सुरू झाली आणि तिथे रीतसर उमेदवारी, म्हणजे जाणत्या नालबंदाच्या हाताखाली शिक्षण, केल्यावाचून हा व्यवसाय करता येत नाही. आपल्याकडे असा कोणताही परवाना लागत नाही. म्हणूनच कुणाच्या हाताखाली शिकायचे, हा निर्णय फार विचारपूर्वक घ्यायला हवा. लष्कराच्या जनावरांची निगा राखणाऱ्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये नालबंदाचे काम हा स्वतंत्र ट्रेड असून तिचे केंद्र मेरठला आहे. भरतीच्या अटींत बसणाऱ्याने तो मार्ग अवश्य धरावा, कारण तिथे शिक्षणाला शिस्त असते. शर्यतींच्या तबेल्यांत, म्हणजे पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात महालक्ष्मीला, ॲल्युमिनियमच्या हलक्या नाला लागतात आणि कामातली बारीक चूकही घोड्याच्या धावण्यात दिसते. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडे रोज वाहतुकीचे काम करतात आणि नालाही भराभर झिजतात, म्हणून नवशिक्याला भरपूर पाय पाहायला मिळतात. साखर कारखान्यांच्या परिसरात बैलांना पत्री, म्हणजे बैलाची नाल, मारणारे कारागीर आहेत, पण बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने एका पायाला दोन पत्र्या लागतात आणि बैलाला पाडून काम करावे लागते. ते कसब वेगळे आहे आणि त्याच्या भरवशावर कुणी घोड्याचा पाय हाती घेऊ नये.

उस्ताद निवडताना त्याच्या नाला पाहू नयेत; त्याने महिन्यापूर्वी नाल ठोकलेले घोडे कसे चालतात ते सपाट जमिनीवर, समोरून आणि मागून पाहावे. हाताखाली घेतल्यावर तो पहिल्या दिवशी फक्त पाय धरायला सांगेल, तर तिथेच राहावे. पहिल्याच आठवड्यात हाती हातोडी देणाऱ्याकडे मात्र शिकायला राहू नये.