गडकिल्ल्यांचं जोडकोडं : चौकट भरली, आता शोधसूत्रं

मंडळी, आपल्या सामायिक शब्दकोड्याची ११ × ११ची चौकट पक्की झाली. अर्धी फेरी फिरवली तरी काळी घरं जागच्या जागी राहतात आणि ओढूनताणून बसवलेला एकही शब्द नाही. याचं मला फार समाधान आहे.

दोन कोपरे कागदावर मांडून बघाच. डावीकडे वर 'सिंहगड' आडवा, 'सिंधुदुर्ग' उभा. पहिलं घर दोघांचं एकच. 'सिं'ला नंतर जोडीदार शोधत बसण्यापेक्षा आरंभीच दोन किल्ले एकमेकांना बांधले. तिरक्या समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे उजवीकडे खाली, 'रायगड' आडवा, 'राजगड' उभा. इथे शेवटचा 'ड' सामायिक. पण या दोघांत फरक फक्त दुसऱ्या अक्षराचा. सोडवणारा तिथेच अडखळणार, म्हणून 'य' आणि 'ज' ही दोन्ही घरं सोप्या शब्दांनी छेदलेली हवीत, असा आग्रह आमच्यातल्या ताईंनी धरला आणि तो अगदी योग्य होता. आता 'समय' खाली उतरून 'य'वर संपतो, 'समाज' आडवा जाऊन 'ज'वर संपतो, आणि दोघांचा 'स' एकच. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या समोरासमोर 'गगन' आणि 'दुकान' आले, तेही एकाच 'न'वर मिळून. ही जुळणी सापडली त्या रात्री फोनवर किती आरडाओरडा झाला म्हणून सांगू!

चौकट भरण्याआधी आम्ही शुद्धलेखनाचा करार केला. चौघं मिळून कोडं रचताना ही गोष्ट आधी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत झालंय. ह्रस्व-दीर्घाची सूट द्यायची नाही, साहित्य महामंडळाचे १९६२चे आणि १९७२ची भर असलेले नियम पाळायचे, हे ठरलं. त्याचा परिणाम थेट चौकटीवर होतो. आपल्याकडे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, त्यामुळे 'शिवनेरी'च्या 'री'तून 'परिमळ' जाऊ शकत नाही, 'खरीप' जातो. शेवटी ह्रस्व हवाच असेल तर 'तथापि', 'परंतु' अशी तत्सम अव्ययं कामाला येतात : 'तथापि'च्या टोकाला 'पिसारा' लटकवा, 'परंतु'च्या टोकाला 'तुळस'. अर्थासाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे उघडे असतातच, पण लेखनासाठी नाही. ते दोन्ही कोश या नियमांच्या आधीचे, जुन्या अनुस्वारांसकट.

'ण' आणि 'ळ'चंही तसंच. त्यांनी सुरू होणारे शब्द जवळपास नाहीतच, म्हणून या अक्षरांच्या डोक्यावर काळं घर आलं की खालची वाट बंद. 'पन्हाळा' त्यामुळेच पहिल्या ओळीत ठेवला नाही. खाली आणल्यावर त्याच्या 'न्हा'तून 'उन्हाळा' सरळ उतरला.

अक्षरं मोजायचं काम आमच्यातल्या प्रोग्रॅमर मित्राकडे. 'सिंधुदुर्ग' माणसाला चार घरांचा दिसतो, संगणकाच्या लेखी त्यात दहा चिन्हं असतात. संगणकावर अक्षरं लिहिण्याचं जे मानक आहे, त्या युनिकोडच्या २०२३च्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला. तो पाळणारी सॉफ्टवेअर लायब्ररी वापरली की 'र्ग' तुटत नाही. ज्यांची साधनं जुनी आहेत त्यांनी हे आधी तपासा.

आता शोधसूत्रं, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या खुणा; कंसातला आकडा घरांचा. इथे आमची पद्धत अशी : चौकट भरणाऱ्यानं सूत्र लिहायचं नाही. शब्द बसवताना तो त्याच्या डोक्यात इतका घोळलेला असतो की नव्या माणसाला काय दिसेल ते त्याला दिसत नाही. प्रत्येक शब्दासाठी दोघं स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता लिहितात, मग शेअर केलेल्या शीटमध्ये दोन्ही शेजारी ठेवतो. सगळ्यात गोड फळ मिळालं ते 'सांबार'ला. पुण्याच्या ताईंनी इडलीवरून लिहिलं, नागपूरच्या दादांनी कोथिंबिरीवरून, कारण त्यांच्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. जोडून झालं : 'इडलीसोबत वाटीत, नागपुरात जुडीत (३)'. एकट्यादुकट्याला हे सुचलं नसतं.

उलटापालटीची सूत्रं मी थोडीच घेतोय, पण 'दीन'साठी 'नदी उलटी वाहिली, गरीब झाली (२)' ठेवलंय. 'वात'साठी 'तवा पालथा घातला, आता तेल घालून पेटवा (२)' यावर अजून वाद आहे. मला आवडतं, ताईंना ते स्वयंपाकघरात फार रेंगाळल्यासारखं वाटतं. 'रायगड'ला १६७४चा राज्याभिषेक आणि 'राजगड'ला आधीची राजधानी, ही जोडी मात्र एकमतानं.

चौकट न पाहिलेले दोघं चाचणीला तयार आहेत. त्यांना आम्ही उत्तरं विचारणार नाही, फक्त कुठे थांबले ते टिपून घेणार.

'हरिश्चंद्रगड' या वेळी बाजूला ठेवलाय. सहा घरांचा आहे आणि समोर तेवढ्याच लांबीचा किल्ला हवा. तो सापडलाय : साताऱ्याकडचा 'महिमानगड'. पुढच्या १३ × १३मध्ये ही जोडी नक्की. अडचण एकच, 'श्चं'मधून जाणारा दुसरा शब्द. तो मिळाला नाही तर ते घर दुसऱ्या शब्दानं न छेदता सोडावं लागेल, आणि समोर 'महिमानगड'चा 'न'सुद्धा. कुणाजवळ असा शब्द असेल तर कळवा, नाव घालून चौकटीत घेऊ.